तिसऱ्या नंबरावरून खाली

फ्रँक बोडनारनं समोरच्या मुलाच्या ताटलीतली अर्धी चावलेली मिरची उचलून आपल्या तोंडात टाकली, तेव्हा रसेल कॅन्टीनच्या दाराशी ट्रे घेऊन उभा होता. व्हिनेगरमधली लांबट पिवळी मिरची. मुलानं एक घास घेऊन तोंड वाकडं केलं होतं आणि ती कडेला सारली होती. फ्रँक काहीतरी बोलत होता. बोलता बोलता त्याचा हात सहज पुढे गेला, स्वतःच्याच ताटलीत जावा तसा, आणि मिरची उचलून परत आला. मुलगा हसला, फ्रँकही हसला. बस, एवढंच घडलं. कॅन्टीनमधल्या कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. रसेलला मात्र ट्रेवरचं सूप हिंदकळल्याचं बोटांना चटका बसल्यावर कळलं. फ्रँक बोडनार त्याचा बाप होता, आणि त्या बापानं उभ्या जन्मात कुणाचं उष्टं खाल्लेलं त्यानं पाहिलं नव्हतं. घरी प्रत्येकाचा पेला ठरलेला होता. लहानपणी एकदा रसेलनं आपलं आइस्क्रीम पुढे केलं, तर त्यानं मान हलवून, 'तुझं तू खा,' असं म्हटलं होतं. त्यात राग नव्हता, कधीच नसायचा. पण ते आइस्क्रीम पुढे केलेल्या हातावर वितळत राहिलं होतं, आणि तो चिकटपणा आता तीस वर्षांच्या रसेलच्या तळहाताला पुन्हा जाणवला.

मुलाचं नाव ओरिन मेबरी. मिसिसिपीतल्या कुठल्याशा गावचा, एकवीस वर्षांचा, टोलीडोच्या टीमनं दोन दिवस पारखायला बोलावलेला. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये त्या साली त्याच्याइतका चांगला क्वार्टरबॅक नव्हता, असं निदान निम्मा देश म्हणत होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू, आणि म्हणून ज्याच्या हातात टीमचं नशीब. टोलीडोच्या टीमला असा माणूस कित्येक वर्षांत मिळालेला नव्हता. दर एप्रिलला ड्राफ्ट होई. कॉलेज संपवलेल्या पोरांना सगळ्या टीम पाळीपाळीनं निवडत. जी गेल्या मोसमात जास्त हरली तिची पाळी आधी. टोलीडो भरपूर हरली होती. तिचा नंबर तिसरा होता, आणि तिसऱ्या नंबरापर्यंत ओरिन नक्की उरणार होता, कारण पहिल्या दोघांना त्याची गरज नव्हती. पण नवव्या नंबराच्या टीमनं फ्रँकला निरोप धाडला होता: तुमचा तिसरा नंबर आम्हाला द्या, आमचा नववा घ्या, आणि वर पुढच्या वर्षीची आमची पहिली पाळीही घ्या. थोडक्यात, खाली उतरा. उतरलं की एका ओरिनऐवजी दोन चांगली पोरं मिळणार होती, पण ओरिन जाणार होता. टीम बांधायची जबाबदारी फ्रँकची, त्यामुळे निर्णयही त्याचाच. शहरात न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत हाच विषय होता. थांबावं की उतरावं? आणि रसेलनं ती मिरची पाहिली, आणि त्या क्षणी त्याच्या मनात स्पष्ट उमटलं: उतरावं.

तो तळघरातल्या आपल्या खोलीत परतला. तिथे खिडकी नव्हती. तीन पडदे, एक खुर्ची, एक स्टूल, आणि यंत्रांची सततची धग. सामन्यांच्या फिल्ममधून हवे ते तुकडे कापून जोडणं हे त्याचं काम. अमुक पोराच्या डावीकडच्या फेकी, तमुकचे पावसातले झेल, असं. वरच्या मजल्यावरची माणसं ते तुकडे पाहून मतं बनवत. रसेलचं मत कुणी विचारत नसे आणि त्यालाही ते बरं वाटे. निदान तसं तो आईला सांगे. इमारतीत तो बापाला सगळ्यांसारखं 'फ्रँक' म्हणे. हा नियम त्यांच्यात कुणी केला नव्हता, तो आपोआपच झाला होता.

खरं तर त्याला ओरिन आवडायला लागला होता. गेले चार महिने तो त्याला रोज पाहत होता. चेंडू सोडताना त्याचं मनगट कसं शेवटच्या क्षणी सैल पडतं, अंगावर माणसं धावून येत असताना मागचा पाय कसा स्वस्थ राहतो, हे सारं रसेलला पाठ होतं. पडद्यावर तो नुसती हालचाल होता, सुंदर, कुणाचीच नसलेली. आता तो जेवत होता, तोंड वाकडं करत होता, आणि त्याचं उष्टं खाल्लं जात होतं.

दुपारी दारावर टकटक झाली. फ्रँक आत आला नाही, दारातूनच बोलला. "रसेल, याला आपल्या गेल्या मोसमाची फिल्म दाखव. काही लपवू नकोस. आपण किती वाईट खेळतो ते कळू दे." आणि ओरिनच्या पाठीवर हात ठेवून त्यानं त्याला आत सरकवलं.

ओरिन उकिडवा बसावा तसा स्टुलावर बसला, गुडघे वर आलेले. त्यानं पडदे बघितले, मग रसेलच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं. "बोडनार? फ्रँकचे कोण तुम्ही?"

"मुलगा."

"काय सांगता." तो खरंच चकित झाला. "काल दिवसभर मी त्यांच्या गाडीत होतो. नदीवर नेलं त्यांनी मला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून माणसं मासे धरतात ते दाखवलं. किती बोलतात ते, सर. पण मुलगा आहे हे नाही निघालं बोलण्यात."

"ते कामाचं बोलत असतील."

"नाही हो. माशांचंच बोलत होते." मग आपलं काही चुकलं असं वाटून त्यानं विचारलं, "तुम्ही खेळलात कधी?"

"कॉलेजात. सेंटर होतो."

ओरिनचा चेहरा उजळला. "मग तुम्हाला माहीतच आहे. मी माझ्या सेंटरच्या पाठीला जितकं ओळखतो तितकं माझ्या बापाच्या तोंडालाही ओळखत नाही. खाली वाकलेला असतो बिचारा, चेंडू मागे देतो आणि पुढचा मार खातो. त्याला कधी दिसतच नाही आपण दिलेल्या चेंडूचं पुढे काय झालं." तो मनापासून बोलत होता. आपुलकीनंच. रसेलनं फिल्म सुरू केली.

ओरिन गेल्यावरही स्टुलाभोवती त्याच्या साबणाचा वास राहिला. नदीवर नेलं. मॉमी नदीच्या काठाशी एप्रिलात वॉलआय मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि अर्धं टोलीडो रबरी विजारी घालून पाण्यात उतरतं, त्यात नवल काही नव्हतं. रसेललाही बापानं नेलं होतं, एकदा. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. पाणी इतकं गार होतं की पायांचं भान गेलं. बाप त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि सबंध सकाळ एक शब्द बोलला नव्हता. रसेलला वाटायचं, मासेमारी गप्प राहूनच करायची असते. इतकी वर्षं त्यानं ती सकाळ आपल्याजवळ जपली होती, बापाबरोबरची सगळ्यात चांगली सकाळ म्हणून. किती बोलतात ते, सर. आता त्या सकाळचं मौन नुसतं मौन उरलं. बापाकडे बोलायला होतं, पण तेव्हा त्याला बोलावंसं वाटलं नव्हतं. मत्सर म्हणजे जळणं असं लोक म्हणतात. रसेलला तसं काही वाटत नव्हतं. त्याला वाटत होती ती एक गार, चढत जाणारी बधिरता, घोट्यांपासून वर.

आणि त्याच बधिरतेत तो कामाला बसला. बुधवारच्या बैठकीसाठी ओरिनची शेवटची फिल्म करायची होती. त्यानं खोटं काही केलं नाही. फिल्ममध्ये खोटं करताच येत नाही. त्यानं फक्त निवडलं. डावीकडून कुणी अंगावर आलं की ओरिनची नजर क्षणभर खाली जाई. चांगल्या दिवशी तो सावरे, वाईट दिवशी चेंडू भलतीकडे जाई. रसेलनं ते वाईट दिवस एकापुढे एक लावले. मधे मधे, संशय येऊ नये म्हणून नव्हे तर खरंच छान होत्या म्हणून, दोन सुंदर फेकी ठेवल्या. नंतर त्यातली एक काढली. सबंध वेळ त्याचे हात स्थिर होते, आणि त्याला आपल्या कसबाचा अभिमान वाटत होता. काम झाल्यावर त्यानं ती फिल्म सलग पाहिली आणि त्याला पडद्यावर एक घाबरट, नजर पाडणारं पोर दिसलं. ते पोर खरं नव्हतं असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

त्याला स्वतःचा ड्राफ्ट आठवत होता. आठवायचा नाही म्हटलं तरी या दिवसांत तो दर वर्षी येई. सात वर्षांपूर्वी घरी टीव्हीसमोर आई, मावशी, शेजारचे वाकर्ली नवराबायको, सगळे दाटीवाटीनं बसले होते. आईनं खसखस घातलेले रोल केले होते. रसेल पहिल्या फेऱ्यांतला नव्हताच, हे सगळ्यांना माहीत होतं. पण शेवटच्या फेरीत कुणीतरी घेईल, असं वर्तमानपत्रांनीसुद्धा लिहिलं होतं. आणि शेवटच्या फेरीत एक पाळी टोलीडोची होती. तेव्हाही ती फ्रँकच्याच हातात होती. कुणी उघड बोललं नाही, पण पडद्यावर टोलीडोचं नाव आलं तेव्हा मावशीनं आईचा हात धरला आणि मिस्टर वाकर्लींनी तोंडातला घास गिळायचा थांबवला. मग निवेदक म्हणाला की टोलीडोनं आपला नंबर दुसऱ्याला दिला आहे, ते खाली उतरले आहेत. बरेच खाली. त्या खालच्या नंबरावर त्यांनी आयडाहोचा एक किकर घेतला, नुसता चेंडूला लाथ मारायला लागतो तो. आई म्हणाली, "रोल घ्या ना कुणीतरी." त्या वाक्याचा आवाज रसेलला अजून ऐकू येई. त्याला पुढे कुणीच घेतलं नाही. एका दुसऱ्या टीमनं उन्हाळ्यात नुसतं बघायला बोलावलं आणि ऑगस्टात परत पाठवलं. मग आई बापाशी काहीतरी बोलली आणि तळघरातली खोली मिळाली. त्या किकरचाही रसेलनं पुष्कळ दिवस हेवा केला. तो दोन वर्षांत गेला. मग दर वर्षी नवी पोरं येत राहिली, वरच्या मजल्यावर बापाशी हस्तांदोलन करत राहिली. पण उष्टं कुणाचं खाल्लं गेलं नव्हतं.

बुधवारच्या बैठकीत लोरेन टिबेट सुरुवातीलाच उभी राहिली. पोरं हेरणाऱ्या सगळ्या माणसांची ती प्रमुख, साठीची, सडेतोड. तिनंच ओरिनला दोन वर्षांपूर्वी शोधलं होतं. "फ्रँक, मी एकदाच सांगते. इतकी वर्षं आपण क्वार्टरबॅक शोधत गावंच्या गावं पालथी घालतोय. आता तो दारात येऊन उभा आहे, तर आपण काय म्हणायचं? नको बाबा, मोठी नोट नको, सुट्टे द्या?"

"सुट्ट्यांनीच घर चालतं, लोरेन," कोच म्हणाला. "त्याच्या पुढे उभं राहायला माझ्याकडे माणसं नाहीत. पुढची फळी चाळणी झालीय. आणून उभा करशील आणि महिन्यात मोडून घेशील."

"मोडायचा असतो तो पुढे फळी असली तरी मोडतो."

फ्रँकनं दिवे मालवायला सांगितले. रसेलची फिल्म सुरू झाली. अंधारात रसेल बापाच्या डोक्याची मागची बाजू पाहत होता, पातळ झालेले केस, कॉलरवर पडलेली मान. एकामागून एक तुकडे जात होते. चौथ्या की पाचव्या तुकड्यानंतर फ्रँकनं हात वर केला. "पुरे." दिवे लागले. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळून, सगळ्यांसमोर, तो म्हणाला, "रसेल, याला तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तुझं काय मत?"

सात वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. छातीत काहीतरी उमलल्यासारखं झालं, आणि त्याची त्याला लाजही वाटली. एका क्षणात त्याला ओरिनचं सैल पडणारं मनगट दिसलं, तो स्वस्थ राहणारा मागचा पाय दिसला. खरं मत काय आहे हे त्याला शोधावंसं वाटलं. त्यानं आत हात घातला आणि हाताला मिरचीच लागली. "खाली उतरा," तो म्हणाला.

"बरं," फ्रँक म्हणाला. ते 'हो' नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं.

लोरेननं त्याला जिन्यात गाठलं. "ती फिल्म."

"त्यात खोटं काय आहे?"

"काही नाही. एकूण एक तुकडा खरा आहे, म्हणून तर मला तुझी भीती वाटली." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "तुझ्या बापाला मी, रसेल, तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. त्याच्याकडून काही हवं असेल तर तोंडानं माग. असं दुसऱ्याच्या ताटात माती कालवून नाही मिळायचं."

पुढचे दिवस रसेलला कशातच चव लागली नाही. कधी त्याला वाटे, कोच म्हणतो तेच बरोबर आहे, पुढची फळी नसताना क्वार्टरबॅक घेणं म्हणजे पोराला मारायला पाठवणं. अगदी शांतपणे, सगळे आकडे मांडून त्याला ते पटे. आणि पटल्या पटल्या संशय येई, की हे आकडे कोण मांडतंय? जे मत मत्सरातून निघालं ते बरोबरही असू शकतं का? घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा खरं सांगतं. पण त्याच्याकडे बघून गाडी पकडायची का? तो आईकडे जेवायला गेला. आई म्हणाली, "तुझे वडील हल्ली झोपत नाहीत नीट. कोण तो मुलगा?" त्यानं सांगितलं, "चांगला आहे."

ड्राफ्टच्या गुरुवारी संध्याकाळी अजून उजेड होता. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत सगळे जमले होते. भिंतीवर नावं, टेबलावर फोन, खालून रस्त्यावरच्या लोकांचा गलका. पहिली दोन नावं वाचली गेली. फ्रँकनं मधला फोन उचलला, पाच-सात वाक्यं बोलला आणि खाली ठेवला. "उतरलो," तो म्हणाला. टीव्हीवर ते जाहीर झालं तेव्हा रस्त्यावरचा गलका एकदम थांबला आणि मग वेगळ्याच सुरात पुन्हा सुरू झाला. लोरेननं चष्मा काढून पुसला. थोड्या वेळानं दुसऱ्याच शहराच्या नावापुढे ओरिन मेबरीचं नाव वाचलं गेलं. पडद्यावर त्याचं घर दिसलं. शाळेची बस चालवणारा त्याचा बाप त्याला मिठी मारत होता. रसेल वाट पाहत होता की आता बरं वाटेल. पोर गेलं. पुन्हा कधी या इमारतीत येणार नाही, त्या कॅन्टीनमध्ये बसणार नाही. पण आत काहीच हललं नाही. फ्रँक उठून बाहेर गेला तेव्हा रसेलही उठला.

बाजूच्या छोट्या खोलीचं दार नीट लागत नसे. आतून बापाचा आवाज येत होता, रसेलनं कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला. "ओरिन, मी फ्रँक. नाही, आधी अभिनंदन घे... ऐक माझं. आम्ही उतरलो ते तू कमी पडलास म्हणून नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. माझ्याकडे तुझ्यापुढे उभं करायला माणसं नाहीत. पहिल्याच वर्षी तुझी हाडं मोडताना मला बघवलं नसतं. निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचाही नाही... हो. हो रे. तुझ्या वडिलांना दे फोन जरा."

रसेल भिंतीला टेकून उभा होता. ओरिन गेला होता, आणि जातानाही हे घेऊन गेला होता. नाकारला गेला तोही असा, समजावून, आपलं नाव मऊपणानं उच्चारलं जात. त्याच्या मनात आलं, या पोराकडून मला काहीच हिसकावून घेता आलं नाही. आणि तेव्हा मत्सर, जो इतके दिवस पायांत गार होता, तो घशाशी आला.

फ्रँक बाहेर आला आणि त्याला पाहून थबकला. "ती फिल्म," रसेल म्हणाला, "ती मी मुद्दाम..."

"माहीत आहे. तीस वर्षं फिल्म बघतोय मी. मला जानेवारीपासूनच उतरायचं होतं. तुझ्या फिल्मनं काही झालं नाही." तो जायला निघाला.

"मला का नाही केलात फोन?"

कोणता फोन, असं फ्रँकनं विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर रसेलला सोपं गेलं असतं. फ्रँक खाली गालिच्याकडे पाहत राहिला. "तुला काय फोन करायचा," तो म्हणाला. "तू घरी होतास. मी घरीच येणार होतो."

"आलात. कोट काढलात आणि मला विचारलंत, हिरवळ कापलीस का म्हणून."

"हो," तो म्हणाला. "घरासमोर गाडीत बसून होतो, दिवे बंद करून. काय बोलायचं ते जुळवत होतो. तुला घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, बापानं घेतलं. आणि उद्या काढावं लागलं असतं तर तेही मलाच. हे सगळं जुळवलं होतं. मग दारातून आत आलो, तुझं तोंड बघितलं, आणि..." त्यानं हात हलवला. "गवत वाढलं होतं."

रसेलला ती गाडी डोळ्यांपुढे आणायची होती. आपण तेव्हा वर, रस्त्याकडच्या खोलीत होतो. पडदा सारला असता तर दिसली असती. त्यानं खूप प्रयत्न केला, पण गाडी रिकामीच दिसत राहिली.

"फ्रँक," लोरेननं दारातून हाक मारली, "आपला नंबर आला."

ते आत गेले. नवव्या नंबरावर कुणाला घ्यायचं ते ठरलेलंच होतं: पुढच्या फळीत उभा राहणारा विस्कॉन्सिनचा एक अगडबंब पोरगा, ज्याचं नाव शहरात कुणी ऐकलं नव्हतं. "फोन लाव त्याला," फ्रँक म्हणाला. रसेल फोनच्या सगळ्यात जवळ होता. त्यानं नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी उचलला, आणि तो "टोलीडोहून बोलतोय" एवढंच म्हणाला, तर त्या घरात एकच कल्लोळ उठला. बाया ओरडत होत्या, कुत्रं भुंकत होतं, काहीतरी काचेचं पडून फुटलं, आणि त्या सगळ्यातून एक जाड, घाबरा आवाज पुन्हा पुन्हा विचारत होता, "हॅलो? खरंच? हॅलो?" फ्रँक हात पुढे करून उभा होता. रसेलनं फोन कानाला जरा जास्तच वेळ धरून ठेवला, मग तो त्याच्या हातात दिला.